कवडू वस्ताद आणि जमनाची वाट

आमच्या गावात आता व्यायामशाळा झाली आहे. वर पत्रे, भिंतीला आरसे, आत लोखंडी वजनं. दारावर नाव आहे कैलासवासी श्यामराव मालगुजारांचं. उद्घाटनाला मलाही बोलावणं होतं, गावची मोठी लेक म्हणून. मी गेले नाही. ज्या माणसानं गावातला एक आखाडा बंद पाडला, त्याचंच नाव व्यायामशाळेला देताना कुणाची जीभ अडखळली नाही, याचा मला संताप आला. संताप हा तसा सौम्य शब्द आहे. पण याहून मोठा शब्द वापरला की लोक म्हणतात म्हातारी चळली.

गावाचं नाव मी लिहीत नाही. पुलगावपासून दोन कोसांवर आहे एवढं पुरे. नाव लिहिलं तर तिथली मंडळी माझ्या दारात येऊन 'मावशी, झालं गेलं विसरा' म्हणतील, आणि मला विसरायचं नाही. ज्याचा आखाडा होता त्याचा फोटोसुद्धा कुठे नाही. तेव्हा निदान मला आठवतो तसा तो माणूस लिहून ठेवते.

कवडू वस्ताद पुलगावच्या कापडगिरणीत कामाला होते. ठेंगणे, रुंद, मानेचा पत्ता नाही. उजवा कान कुस्तीत चेचून गेलेला. त्या कानानं त्यांना कमी ऐकू यायचं, आणि सगळं जग आपल्यासारखंच बहिरं आहे अशा समजुतीनं ते बोलायचे. गावाबाहेरच्या आमच्या वस्तीत या टोकाला त्यांनी चहा मागितला की त्या टोकाच्या बाईला कळायचं. गोड बोलणं त्यांना येतच नव्हतं. चूक झाली तर शिवी, बरोबर आलं तरी शिवी, फक्त दुसरी शिवी जरा हळू.

पण एक होतं. वस्तीतल्या कुठल्याही पोराला त्यांनी अर्ध्या नावानं हाक मारली नाही. "दगडूजी, गध्या, पाय उचला!" असं ते ओरडायचे. माझी मैत्रीण जमना, माझ्याहून थोडी मोठी, ती त्यांच्या तोंडी जमनाबाई. आम्हाला जन्मापासून सवय दगड्या, जम्नी, अशाच हाकांची. 'जी' ऐकलं की आम्ही मागे वळून बघायचो, दुसरं कोण आलंय म्हणून.

ते स्वतः शिकले कुठे, तर गिरडला, दर्ग्याच्या टेकडीखाली राहणाऱ्या एका म्हाताऱ्या उस्तादाकडे. गावच्या आखाड्यात त्यांना लहानपणी शिरू दिलं नव्हतं. भिंतीवरून बघत होते तर आतून कुणीतरी तोंडावर राख फेकली. यापलीकडे त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची आमची टाप नव्हती. काठी उचलण्याआधी ते कानाच्या पाळीला हात लावायचे. तो उस्तादाला सलाम असतो एवढं पोरांना ठाऊक होतं.

आमचा आखाडा नाल्याच्या काठाला. माती त्यांनी स्वतः डोक्यावरून आणली, चाळली, तिच्यात तेल, हळद, ताक घालून मळली. देव कुठला ठेवला नाही. कोपऱ्यात पाण्याचा रांजण ठेवला आणि सांगितलं, ज्याला तहान लागेल त्यानं स्वतःच्या हातानं बुडवून प्यावं. नागपूरला दीक्षा झाली त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. आमची सगळी वस्ती दीक्षा घेऊन आली होती आणि मेलेली ढोरं ओढायचं काम तिनं सोडलं होतं. गावाचा राग तेव्हापासूनचा. गावचा सारा वसूल करायची मालगुजारी कायद्यानं गेली होती, पण मालगुजार कुठे गेला होता? ओसरीवर तसाच बसलेला असायचा.

आखाड्यात आल्याबरोबर काठी मिळत नसे. आधी मातीच्या मधोमध उभं राहायचं, गावाकडे तोंड करायचं आणि आपलं पूर्ण नाव सांगायचं, पारापर्यंत ऐकू जाईल असं. ऐकायला सोपं वाटतं. आमच्यातली धडधाकट पोरंही नाव अर्ध्यावर गिळून परत कडेला जाऊन बसायची. आम्हाला गावाकडे तोंड करून फक्त 'जी मालक' म्हणता यायचं.

जमना पहिल्या दिवशी उभी राहिली आणि तिच्या तोंडातून आवाजच फुटेना. तिचा बाप संपत कडेला उकिडवा बसला होता, तो फिसकन हसला. वस्तादांनी मान वळवली.

"काऊन हासून राह्यले, संपतराव? या, तुमी या मधात."

संपतकाका हसत हसतच आले. उभे राहिले. पाराकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. मालगुजाराच्या वाड्याची माडी समोर दिसत होती. संपतकाकांच्या कपाळावर घाम आला आणि ते खाली बघायला लागले. नांगर हाकताना ज्याची हाळी शिवारभर जायची, त्या माणसाला स्वतःचं नाव घेता येईना.

वस्तादांनी त्यांना शिवी दिली नाही. "बसा," म्हणाले. "आता हासू नोका."

जमनानं ते पाहिलं आणि तिथल्या तिथे, बाप अजून बसलाही नव्हता तेव्हा, स्वतःचं, बापाचं, आडनाव असं सगळं नाव ओरडली. पारावरची माणसं खरंच वळून बघायला लागली.

जमना पुलगावच्या शाळेत जायची. आमच्या वस्तीतून पुलगावला शिकायला जाणारी पहिली मुलगी ती. पुढच्या वर्षी गावची चौथी करून मी जाणार होते, पण ते तिच्यावर अवलंबून होतं. ती टिकली तर माझा बाप मला पाठवणार होता. तिची शाळा सुटली तर माझी सुरूच व्हायची नव्हती. पुलगावचा रस्ता गावातून, मालगुजाराच्या घरावरून जायचा. दुसरी वाट होती ती त्याच्याच वावरातून. त्याच्या घरापुढच्या गल्लीत पारावर त्याचा मुलगा आणि त्याचे दोस्त बसलेले असायचे. जमना दिसली की ढेकळं मारायचे. पुढे दगड मारायला लागले. "तुया बापाले सांग, ढोर ओढाले ये, मंग शाळा शीक." जमना पाठीवर वळ घेऊन शाळेत बसायची. मारणारी पोरंही त्याच शाळेत होती, सायकलीवरून तिच्याआधी पोचायची आणि पुढच्या बाकावर बसायची.

वस्तादांची पाळी पहाटेची. तिला सोबत करणं त्यांना शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी तिला काठी शिकवली. त्यावरही वस्तीतल्या बाया आल्याच.

"कवडूभाऊ, पोरीची जात हाये. उद्या लगन कोन करन इच्यासंगं?"

"ज्याले दगड लागाचं भेव नाई तो करन," वस्ताद म्हणाले. "आंदनात एक काठी देजा."

त्यांची शिकवायची तऱ्हा अशी. काठी फिरवणारा मधे, बाकीचे भोवती. ते कपाशीची हिरवी बोंडं मारणार आणि मधल्यानं एकही अंगाला लागू द्यायचं नाही. हिरवं बोंड खड्यासारखं लागतं. सुरुवातीला आम्ही जमनाला हळू मारायचो. मैत्रीण होती, कीव यायची. वस्ताद माझ्यावर असे ओरडले की मी बोंडं टाकून रडायला लागले. "हळू मारतं? गल्लीतले हळू मारतेत का? तू तिची दुश्मन हायेस!" मग मी ताकदीनं मारली. "डोये, जमनाबाई! बोंड पाहू नोका, मारनाराचे डोये पाहा!" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काठी माणसावर उगारायची नाही हा नियम मात्र पक्का. फक्त येणारं परतवायचं. दिवस गेले तसं जमनाच्या भोवती काठीचा नुसता घूं घूं आवाज यायला लागला आणि आमची बोंडं आमच्याच अंगावर परत यायला लागली.

त्या दिवसांत वर्ध्याहून खादीतले एक गृहस्थ आले. सेवाग्राम आमच्यापासून काही लांब नाही, त्यामुळे आम्हाला उपदेश करायला माणसं सहज मिळायची. त्यांनी वस्तादांना समजावलं की काठी टाका, मनं जिंका. वस्तादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "टाकतो न जी. पन आमच्या हाती आतापावतर काठी होती कोठी? आंधी ते हाती तं येऊ द्या. मंग टाकतो." गृहस्थ हसले. त्यांना तो विनोद वाटला. रांजणातलं पाणी न पिताच ते परत गेले.

आणि एका सकाळी गल्लीत ते झालं. जमनाच्या हातात दप्तर आणि काठी. पारावरून दगड आले. तिनं दप्तर खाली ठेवलं आणि काठी फिरवली. मालगुजाराच्या मुलानं मारलेला दगड काठीवर आपटून उलटा गेला आणि त्याच्याच कपाळावर बसला. रक्त आलं. जमनानं दप्तर उचललं आणि ती शाळेत गेली.

रविवारी पारावर पंच बसले. आमची माणसं नेहमीसारखी खाली, लांब. वस्ताद उभे राहिले.

"कवड्या, तुया पोट्टीनं माया पोराचं डोस्कं फोडलं," मालगुजार म्हणाला.

"तिनं फोडलं नाई, श्यामरावजी. दगड त्याचाच होता, त्याच्याचपाशी गेला." सगळं गाव ज्याला मालक म्हणायचं त्याला वस्ताद श्यामरावजी म्हणायचे. तेवढंही त्याला खुपायचं.

"खोटं बोलतं!"

"मंग पुन्हा मारू द्या त्याले. समद्याईसमोर."

मुलाच्या डोक्याला पट्टी होती. त्यानं बापाकडे बघितलं, बापानं मान हलवली. जमना मोकळ्या जागेत उभी राहिली. तिनं काठी दोन्ही हातांत धरली. वस्ताद एवढंच म्हणाले, "डोये." मुलानं दगड हेरून, सगळं अंग झोकून मारला. काठीवर आवाज झाला आणि तो दगड जाऊन मालगुजाराच्या पुढ्यातल्या पिकदाणीवर बसला. पिकदाणी कलंडली, पानाची लाल पिंक त्याच्या पांढऱ्या धोतरावर गेली. मागे कुणीतरी हसलं. ते हसू आम्हाला फार महाग पडलं.

मालगुजारानं धोतर झटकलं. "ठीक हाये. पोट्टीनं मारलं नाई. पन हे असं शिकवलं कोनं? आखाडा बंद कर. नाई तं गल्ली बंद. बोल."

पंच माना हलवत होते. गावच्या शाळेचे गुरुजीही पारावर बसले होते, पायाच्या अंगठ्याकडे बघत. पुष्कळ वर्षांनी ते मला म्हणाले, "मनातून मी तुमच्याच बाजूनं होतो बेटा." मनातून! अशी मनातून आमच्या बाजूनं असलेली माणसं प्रत्येक गावात ढिगानं होती. त्यांच्या मनातून रस्ता जात असता तर जमना पुलगावला रोज फुलांवरून गेली असती.

वस्तादांनी एकवार जमनाकडे बघितलं. मग म्हणाले, "तिची वाट सोडता न? समद्याईसमोर सांगा."

"सोडतो."

"मंग आखाडा बंद."

वस्तीतली पोरं त्यांच्यावर तुटून पडली. वस्ताद झुकले, वस्ताद विकले गेले, काय वाटेल ते बोलली. वस्तादांनी त्यांनाही शिव्या घातल्या. "आखाडा कायले होता रे? माती उकराले? पोट्टी शाळेत जावी म्हनून होता न? जाऊन राह्यली न आता?" दुसऱ्या दिवशी त्यांनी ती मळलेली, चाळलेली माती वाफे करून टाकली आणि तिच्यात मिरच्या लावल्या. मिरच्या जोमदार आल्या. त्या मातीत तेल, ताक, सगळं होतं. आमच्या घरीही त्यांनी आणून दिल्या. माझी आई त्या फोडणीत घालताना रडली होती, आणि ते मिरचीनं नव्हतं.

संक्रांतीपर्यंत जमनाची वाट मोकळी होती. मग मालगुजाराचा एक बैल मेला. वस्तीवर निरोप आला, ओढून न्या. वस्ती म्हणाली, नाही. बैल गोठ्यामागे फुगला, गिधाडं उतरली, वास आमच्यापर्यंत यायला लागला. आणि सकाळी बघतो तर गल्लीच्या तोंडावर बाभळीच्या काट्या टाकलेल्या. गावाची माणसं काटी उचलून जात आणि परत लावत. जमना परत फिरली. दुसऱ्या दिवशीही. शाळेतून निरोप आला की पोरगी येणार नसेल तर नाव कमी करू.

गिरणीतून आले तसे वस्ताद मालगुजाराकडे गेले. आम्ही पोरं मागोमाग, कुडाआडून बघत होतो. त्यांनी आवाज चढवला नाही.

"श्यामरावजी, तुमी शब्द देल्ला होता. पंचाईसमोर."

मालगुजार पान लावत होता. त्यानं वरही बघितलं नाही. "शब्द मानसाईले देत असतेत," म्हणाला.

हे वाक्य मी इतकी वर्षं सांभाळून ठेवलं आहे. व्यायामशाळेच्या दारावर नावाखाली काही लिहायचंच असेल तर हे लिहा. त्याचंच आहे, अस्सल आहे.

दुसऱ्या दिवशी वस्ताद कामावर गेले नाहीत. सूर्य वर येऊ दिला, सगळं गाव जागं होऊ दिलं. मग लगडलेली मिरचीची झाडं त्यांनी मुळापासून उपटली, वाफे मोडले आणि माती पुन्हा सपाट केली. पोरांना हाका मारल्या, प्रत्येकाला पूर्ण नावानं. त्या आवाजानं गाव पारावर जमलं. पोरं आखाड्यात उभी करून ते काठी घेऊन एकटे गल्लीच्या तोंडाशी गेले आणि बाभळीच्या काट्या ओढून बाजूला टाकायला लागले. मालगुजाराचा एक गडी धावून आला. त्यानं काठी उगारली. वस्तादांनी कानाच्या पाळीला हात लावला आणि एक फटका मारला. मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज आम्हाला आखाड्यापर्यंत आला.

माणसावर काठी उगारायची नाही हा त्यांचाच नियम होता. तो त्यांनी मोडला. पुस्तकात वाचलेली शहाणी माणसं अशा ठिकाणी म्हणतात की मला वाईट वाटलं. मला वाटलं नाही. मला फार बरं वाटलं, आणि त्या गड्याऐवजी त्याच्या मालकाचं मनगट असतं तर आणखी बरं वाटलं असतं.

नंतर वस्ताद पारावर जाऊन बसले. मधोमध, मांडी घालून, काठी शेजारी आडवी ठेवून. त्या पारावर आमच्यातलं कुणी कधी टेकलं नव्हतं. पोलीस येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत, आणि त्यांना हलवायला गावातलं कुणी पुढे झालं नाही.

हवालदार संध्याकाळी आला, मालगुजाराकडे जेवला, तिथेच झोपला. वस्तादांना चावडीत ठेवलं. रात्री मालगुजाराचे गडी तिथे शिरले, आणि वस्तादांच्या शिव्या त्याच्या ओसरीपर्यंत ऐकू येत राहिल्या. पुढे त्यांना शिक्षा झाली. सुटल्यावर मालगुजाराच्या माणसांनी त्यांना गावात राहू दिलं नाही आणि मला ते पुन्हा दिसले नाहीत. गिरडकडे राहतात असं कुणी सांगायचं, कामठीला गेले असंही सांगायचं. जमना मॅट्रिक झाली. तिच्यामागून मी झाले, माझ्यामागून आणखी मुली. पण मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी.

चावडीतून बाहेर आणलं तेव्हा त्यांचा चेहरा सुजलेला होता आणि डावा डोळा बंद होता. हात दोरानं बांधलेले. पुलगावला न्यायला मालगुजारानं आपली बैलांची बंडी जुंपून दिली होती. हवालदाराची सोय मालगुजारानं करायची हा रिवाजच होता. वस्ती सगळी जमली होती, बाया रडत होत्या. जमना दप्तर काखेत धरून उभी होती आणि तीही रडत होती. वस्तादांना बंडीत बसवलं. त्यांनी एका डोळ्यानं गर्दीत बघितलं आणि ओरडले, "जमनाबाई! शाळेची येळ झाली न? उभ्या काऊन राह्यल्या?"

जमना हुंदके देत म्हणाली, "वस्ताद, तुमाले घेऊन चालले..."

"मले कोठी नेऊन राह्यले? पुलगावले. शाळा कोठी हाये? पुलगावले. चढा वर!"

गाडी हाकणारा घाबरला. "हवालदारसाहेब, बंडी मालकाची हाये. हे पोट्टी कशी..."

"साहेब," वस्ताद म्हणाले, "ते बसली तं मी चूप येतो. नाई बसली तं पुलगावपावतर बोंबलत येईन. माया आवाज तुमी ऐकला हाये."

हवालदारानं रात्रभर तो आवाज ऐकला होता. त्यानं डोकं धरलं. "बिठाओ रे उसको. चलो, जल्दी."

संपतकाकांनी जमनाला उचलून बंडीत ठेवलं. बंडी गल्लीत शिरली. काट्या बाजूलाच पडल्या होत्या. मालगुजार ओसरीवर उभा होता, त्याचा मुलगा पारावर. त्यांच्याच बैलांच्या गळ्यातल्या घागऱ्या वाजत होत्या. कुणी ढेकूळ उचललं नाही. मी काट्यांपाशी उभी राहून बघत होते. जमना दप्तर मांडीवर घेऊन हवालदार आणि वस्ताद यांच्या मधे बसली होती, आणि वळणावर बंडी दिसेनाशी झाली तेव्हा वस्ताद तिला कशावरून तरी रागावत होते. बहुतेक, नीट ताठ बस म्हणून.